टफ टीजी-७: १ सेंटीमीटरवरून किडे टिपणारा कॅमेरा

कपाशीच्या पानाच्या खालच्या बाजूला, शिरेच्या कडेने फुलकिडे बसतात. लांबी जेमतेम १ मिलिमीटर. मोबाईलवर फोटो काढला तर पिवळसर ठिपका येतो. तो ठिपका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून "हे काय आहे, काय फवारू?" असं विचारलं, की समोरचा माणूस अंदाजपंचे उत्तर देतो. मराठवाड्यात बारक्या जिवांचे फोटो काढणाऱ्यांत दोन तऱ्हेचे लोक आहेत. काहींना छंद आहे, तर काहींना पिकावर नेमकं काय पडलंय हे कळायला हवंय. डीएसएलआर, मॅक्रो लेन्स आणि वेगळा फ्लॅश असा संसार खांद्यावर घेऊन वावरात फिरणं दोघांच्याही जिवावर येतं. खिशात मावणारा एकच कॅमेरा घ्यायचा तर सगळ्यात आधी ओएम सिस्टिमच्या टफ टीजी-७ चं नाव पुढे येतं. हे परीक्षण त्याचंच, पण फक्त किड्यांच्या फोटोपुरतं. पाण्याखालचे फोटो, सहलीचे व्हिडिओ यांचा विचार इथे केलेला नाही.

आधी नावाचा घोळ. ऑलिम्पसने आपला कॅमेऱ्याचा धंदा २०२१ च्या सुरुवातीला ओएम डिजिटल सोल्युशन्स या वेगळ्या कंपनीकडे दिला. म्हणून २०१९ चा टीजी-६ ऑलिम्पस नावाने आहे आणि २०२३ चा टीजी-७ ओएम सिस्टिम नावाने. वंश एकच. दोघांत १२ मेगापिक्सेलचा १/२.३३ इंची सेन्सर आहे आणि लेन्सही तीच, ३५ मिमीच्या हिशेबात २५ ते १०० मिमी, म्हणजे चौपट झूम. टीजी-७ ला यूएसबी-सी मिळालं, पकड थोडी सुधारली, उभा व्हिडिओ आला, ब्लूटूथचा रिमोट चालू लागला. किड्याच्या फोटोत या कशाचाच फरक दिसत नाही. त्यामुळे चांगल्या स्थितीतला, झाकणांचे रबर धड असलेला टीजी-६ वापरलेला मिळाला तर बेलाशक घ्यावा आणि वाचलेले पैसे उजेडाच्या सामानावर घालावेत. पुढे जे लिहिलंय ते दोघांनाही लागू आहे.

या कॅमेऱ्याची खरी करामत त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये आहे. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातही फुलाचं चित्र असलेला मॅक्रो मोड असतो आणि बरेच कॅमेरे १-२ सेंटीमीटरवर फोकस करतातही, पण फक्त झूम न करता. झूम केला की ते मागे सरकायला लावतात, आणि जवळ जाऊन मिळालेला मोठेपणा तिथेच जातो. टीजी पूर्ण झूमवरही लेन्सपासून १ सेंटीमीटरवर फोकस धरतो. त्या टोकाला चौकटीत साधारण अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास रुंदी मावते. घरीच प्लॅस्टिकच्या पट्टीचा फोटो काढून किती मिलिमीटरच्या रेघा दिसतात ते मोजा आणि लिहून ठेवा. पुढे किड्याची लांबी सांगताना हाच आकडा कामाला येतो. टीजी-६ च्या जाहिरातीत ४४.४ पट असा आकडा असे. तो मागच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या आकाराचा आहे आणि त्यात डिजिटल झूम धरलेला आहे. डिजिटल झूमने तपशील वाढत नाही, तो बंदच ठेवावा.

आता दुखणं. १ सेंटीमीटर म्हणजे करंगळीच्या जाडीएवढं अंतर. तिथे लेन्स नेली की कॅमेऱ्याचीच सावली किड्यावर पडते आणि भर दुपारच्या उन्हातही फोटो काळवंडतो. मग कॅमेरा शटर हळू करतो किंवा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) चढवतो. शटर हळू झाला की फोटो हलतो, आयएसओ चढला की एवढ्याशा सेन्सरवर रवाळपणा येतो. आयएसओ ४०० पर्यंत पायाच्या केसांचा तपशील टिकतो, ८०० ला चालवून घेता येतं, १६०० ला किड्याची पाठ मेणाची वाटू लागते. या कॅमेऱ्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी शेवटी उजेडाशीच येऊन ठेपतात. कॅमेरा घेऊन पैसे संपले आणि उजेडाचं सामान पुढच्या महिन्यावर टाकलं, तर तो महिना चिडचिडीत जातो.

उजेडासाठी कंपनीचे दोन जोड मिळतात. एक एलजी-१, म्हणजे लाईट गाईड. कॅमेऱ्याच्या अंगावरच एक छोटा एलईडी आहे. लेन्सभोवतीची कडी काढून तिथे एलजी-१ बसवला की त्या एलईडीचा उजेड पारदर्शक कडीतून लेन्सभोवती फिरतो. त्याला सेल लागत नाही, आणि जे फोटोत येणार ते आधीच स्क्रीनवर दिसतं. शिकणाऱ्याला हा बरा. पण उजेड बेताचा. न हलणारी अंडी, कोष, पानावरचे बुरशीचे डाग, मेलेला पतंग यांना तो पुरतो, चालत्या मुंगीला नाही. शिवाय चकचकीत पाठीच्या किड्यावर उजेडाची गोल बांगडी उमटते. ढालकिड्याच्या लाल पाठीवर किंवा उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यांत ती बांगडी दिसली की फोटो कशाने काढला ते लगेच ओळखू येतं.

दुसरा जोड एफडी-१, म्हणजे फ्लॅश डिफ्यूजर. हा कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड पुढे आणून लेन्सभोवती पसरवतो. किड्यांसाठी हाच घ्यावा. फ्लॅशची लकाकी इतकी क्षणभर असते की किडा हलला, हात हलला, पान हललं तरी चित्र गोठतं. आयएसओ १०० वर राहतं आणि रंग स्वच्छ येतात. तोटा एवढाच की उजेड कसा पडेल ते आधी दिसत नाही, आणि फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं. फ्लॅशची ताकद -०.७ च्या आसपास ठेवून सुरुवात करा, पहिला फोटो पाहून कमी-जास्त करा.

एफडी-१ नको असेल तर श्रीखंडाच्या अर्ध्या किलोच्या डब्याचं पांढरं झाकण घ्या. लेन्सभोवतीच्या कडीवर घट्ट बसेल एवढं भोक मधोमध न पाडता थोडं एका बाजूला पाडा, म्हणजे झाकणाचा जास्त भाग फ्लॅशच्या पुढे येईल. फ्लॅश आणि झाकण यांच्यामध्ये पांढऱ्या फोमच्या शीटचा, टीव्हीच्या खोक्यात येतो तसला, एक पदर चिकटवा. झाकण दुधाळ हवं. पारदर्शक झाकणाने उजेड पसरत नाही, आणि पिवळट झाकण सगळ्या फोटोला कावीळ करतं. हे झाकण लेन्सच्या पुढे आलं तर १ सेंटीमीटरवर जाताच येत नाही, म्हणून ते लेन्सच्या काचेच्या पातळीत किंवा जरा मागेच बसवायचं. इथेच बहुतेकांचा पहिला डिफ्यूजर वाया जातो.

सेटिंगमध्ये एक फसवी गोष्ट आहे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतलं उजेडाचं भोक, निवडायचा ए मोड दिलाय (आकडा मोठा तितकं भोक लहान), पण आकडे तीनच: झूम नसताना एफ २, २.८ आणि ८, पूर्ण झूमवर ४.९, ६.३ आणि १८. तिसरा आकडा पाहून मॅक्रो शिकलेला माणूस हरखतो, कारण अ‍ॅपर्चर लहान केलं की जास्त भाग फोकसमध्ये येतो हे त्याला पाठ असतं. इथे तसं होत नाही. तिसऱ्या आकड्याला पात्या आणखी मिटत नाहीत, उजेड कमी करणारी काळी काच आड येते. फोटो अंधारतो, फोकसची खोली तेवढीच राहते. म्हणून मधला आकडा लावा आणि तिसरा विसरून जा. शटर स्पीड स्वतः ठरवायची सोय नाही, पूर्ण मॅन्युअलही नाही. या किमतीत हे खटकतंच. आडमार्ग असा की ए मोड, मधलं अ‍ॅपर्चर, आयएसओ १०० किंवा २००, फोकस सुपर मॅक्रोवर, फ्लॅश सक्तीने चालू आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) अधिक जेपेग एवढं लावून ते डायलवरच्या सी-१ मध्ये साठवून ठेवायचं. किडा समोर असताना मेनू धुंडाळत बसलं तर तो उडून जातो.

पूर्ण झूमवर १ सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत फोकसची खोली मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच असते. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर तिच्या मिशा धूसर होतात. त्यावरचा उपाय कॅमेऱ्यातच आहे. मायक्रोस्कोपच्या डायलवर फोकस स्टॅकिंग निवडलं की कॅमेरा फोकस थोडा थोडा पुढे सरकवत ३ ते १० फोटो घेतो आणि आतल्या आत जोडून एक जेपेग देतो. कापसाच्या बोंडावरचं अंडं, पानाला चिकटलेला कोष, पहाटे गारठून बसलेला चतुर यांच्यावर हे अफलातून चालतं. चौकट कडेने थोडी कापली जाते, म्हणून किड्याभोवती मोकळी जागा ठेवूनच फोटो घ्या. किडा मधेच हलला तर जोडलेल्या फोटोत त्याला दोन मिशांच्या चार मिशा येतात. वाऱ्याने पान हललं तरी तेच. दुसरा प्रकार फोकस ब्रॅकेटिंगचा. त्यात १०, २० किंवा ३० वेगवेगळे फोटो मिळतात आणि ते हेलिकॉन फोकससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपण जोडायचे. कष्ट जास्त, पण हललेले फोटो आधीच वगळता येतात, त्यामुळे निकाल कॅमेऱ्यातल्या जोडणीपेक्षा बरा येतो. दोन्हीसाठी कॅमेरा स्थिर हवा. तिपाई लावून बुटक्या सोयाबीनपाशी पोचणं अवघड जातं. तांदळाने पाऊण भरलेली जुन्या कापडाची पिशवी जमिनीवर टाकून तिच्यात कॅमेरा रुतवणं सोपं पडतं. देठ हलू नये म्हणून जाड तारेच्या टोकाला कपड्यांचा चिमटा बांधायचा, दुसरं टोक मातीत खुपसायचं आणि चिमट्यात देठ धरायचा. पान धरू नका, ते मुरगळतं.

जवळ जायची रीत अशी. झूम आधी पूर्ण करून घ्या. हातभर अंतरावरून कॅमेरा सरळ रेषेत पुढे आणा, आडवा हलवू नका, कारण किड्यांना आडवी हालचाल पटकन जाणवते. पहिला फोटो १० सेंटीमीटरवरून, दुसरा ५ वरून, मग ३ वरून घ्या. किडा उडाला तरी हातात काहीतरी राहतं, आणि ओळख पटवायला बहुधा ३ सेंटीमीटरवरचा फोटोच पुरतो. फोकस अर्ध्या बटणावर धरायचा आणि मग श्वास रोखून कॅमेरा केसभर पुढे-मागे डोलवत चार-पाच फोटो घ्यायचे. किड्याचं अंग आणि लेन्सची काच समांतर ठेवली की त्याच तेवढ्या खोलीत डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं बसतं. नुसतं हे जमलं तरी स्टॅकिंगची निम्मी गरज संपते. वेळ उजाडल्यापासून दीड-दोन तासांची. दव असतं, वारा पडलेला असतो आणि किडे गारठलेले असतात. किडा शांत व्हावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवायची टूम काही जण सांगतात, ती करू नये. तसा किडा बसतोही विचित्र, जाणकाराला फोटोत ते दिसतं.

काय दिसायला हवं हे आधी माहीत असेल तर फोटो उपयोगी पडतो. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी ओळखायची तर दोन फोटो लागतात: डोक्यावरचा उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या भागावरचे चौकोनात बसलेले चार ठिपके. पाठीचा नुसता एक फोटो पाठवून उपयोग नाही. गुलाबी बोंडअळीसाठी आधी डोमकळीचा (पाकळ्या न उमलता मिटून राहिलेल्या फुलाचा) फोटो, मग बोंड चिरून आतल्या अळीचा. तुडतुडे पानाखाली तिरपे चालतात, पान उलटलं की पळतात, त्यामुळे त्यांना फ्लॅशच हवा. मावा जागचा हलत नाही, स्टॅकिंगचा सराव त्याच्यावरच करा. बांधावरच्या रुईवर काळ्या पायांचा पिवळाधमक मावा जवळजवळ वर्षभर सापडतो, आणि रुईचा तो रंगीबेरंगी नाकतोडाही मोठा, सुस्त आणि सहनशील असतो. सरावाला याहून चांगला मॉडेल नाही. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. त्यांना फोटो पाठवताना किड्याशेजारी पट्टी ठेवून काढलेला एक फोटो जोडावा आणि पीक, पिकाचं वय, तारीख लिहावी. कॅमेऱ्यात जीपीएस आहे, नोंद ठेवणाऱ्याला ते सोयीचं. बॅटरी मात्र खातं, लागेल तेव्हाच चालू करा.

रंगांचं एक गणित आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला की लाल मखमली मृगाचा किडा बाहेर पडतो. नावाने किडा, पण पाय आठ, म्हणजे गोचिडाच्या कुळातला. त्याचा लाल रंग इतका गडद असतो की ऑटोवर काढलेल्या फोटोत मखमल जाऊन लाल गोळा उरतो. एक्स्पोजर (फोटो किती उजळ येईल ते) -०.७ किंवा -१ करा आणि रॉ ठेवा, तरच केस न् केस दिसतो. काळ्या मुंगळ्यालाही वजा करावं लागतं. फुटलेल्या कापसावरचा लाल ढेकण्या टिपताना उलट, +०.७. तसं केलं नाही तर पांढरा कापूस राखाडी येतो. फ्लॅशमध्ये मागची बाजू काळी कुट्ट येण्याची तक्रार असते. उजेड मागे पोचतच नाही, एवढंच कारण. किड्याच्या मागे ३-४ सेंटीमीटरवर एखादं हिरवं किंवा वाळकं पान धरलं की काळोख जातो.

आता आपल्या भागातल्या वापराबद्दल. हा कॅमेरा १५ मीटर खोल पाण्यात आणि २.१ मीटरवरून पडला तरी टिकेल असं कंपनी सांगते. आपल्याकडे त्याची खरी परीक्षा काळ्या मातीची बारीक धूळ घेते. बॅटरीच्या आणि चार्जिंगच्या झाकणाला रबराची पट्टी असते. तिच्यावर मातीचा एक कण किंवा केस अडकला तरी पाणी आत जातं. वावरात झाकण उघडूच नका. उघडावं लागलं तर आधी बाहेरून पुसा, मग उघडा, पट्टीवरून कोरडं मऊ कापड फिरवा. ते रबर दरवर्षी बदलून घ्यायचं असतं, हे बहुतेक ग्राहकांच्या गावीही नसतं. दुरुस्तीची सोय गावात नाही, कॅमेरा मोठ्या शहरात पाठवावा लागतो, म्हणून घेताना बिल आणि भारतातली वॉरंटी आहे का ते पाहा. काम झाल्यावर झाकणं बंद असल्याची खात्री करून कॅमेरा नळाखाली धुता येतो. १ सेंटीमीटरवर परागकण, दव आणि मुंग्या थेट काचेवर येतात, त्यामुळे या सोयीची किंमत रोज कळते. उन्हाळ्यात मात्र सांभाळा. ४० अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायचा हा कॅमेरा आहे, आणि वैशाखात नांदेड-परभणीचा पारा त्याच्या वर जातो. दुचाकीच्या डिकीत तर तो ठेवूच नये. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला की निभावतं.

फवारणी झालेल्या वावरात फोटोला जाऊ नका. या कॅमेऱ्याने काम करताना नाक पानापासून वीतभर अंतरावर असतं. विंचू, गांधीलमाशी यांच्याजवळही १ सेंटीमीटरवर जायचं नाही. विंचवाचा फोटो लांबून, साध्या झूमवर काढा. रात्री अतिनील टॉर्चखाली तो हिरवा-निळा चमकतो, तो फोटो लांबूनही छान येतो. गौताळा, येडशीचं रामलिंग किंवा नायगावचं मयूर अभयारण्य इथे जाणार असाल तर वन विभागाच्या वेळा आणि परवानगी आधी पाहून घ्या.

आणखी एक उणीव, आणि ती रोज छळते. मागची स्क्रीन ३ इंची आणि पक्की बसवलेली आहे, वळत नाही. डोळ्याला लावायचं भिंगही नाही. जमिनीवरचा किडा टिपायचा तर पालथं झोपावं लागतं, आणि उन्हात स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो. वाय-फायने मोबाईल जोडून अ‍ॅपवर चित्र पाहता येतं, कॅमेरा जमिनीवर आणि मोबाईल हातात. पण जोडणी सुरू व्हायला वेळ लागतो आणि बॅटरी झरझर उतरते. एका बॅटरीवर ३३० च्या आसपास फोटो असा कंपनीचा हिशेब आहे. फ्लॅश आणि स्टॅकिंग धरलं तर त्याच्या बरंच खाली राहतं. एलआय-९२बी ची जादा बॅटरी खिशात हवीच.

दुसरा पर्याय म्हणजे लांब झूमचा जुना ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा मोठा कॅमेरा) आणि त्याच्यापुढे रेनॉक्सचं डीसीआर-२५० भिंग. ते ८ डायॉप्टर ताकदीचं आहे, चिमट्यासारखं ५२ ते ६७ मिमीच्या कडीवर बसतं आणि साधारण १२ सेंटीमीटरवर फोकस देतं. फुलपाखरं, चतुर, टाचण्या, खंडोबाचा किडा अशा बुजऱ्या मंडळींसाठी तो जोड टीजीपेक्षा उजवा, कारण अंतर मिळतं, सावली पडत नाही आणि फ्लॅशला जागा राहते. मावा, फुलकिडे, पांढरी माशी, अंडी, कोष आणि बोंडातली अळी एवढंच पाहायचं असेल तर टीजीला तोड नाही. टीजीवर फुलपाखरू हवंच असेल तर प्रो कॅप्चर लावा. बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा आधीच टिपत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर त्याआधीच्या अर्ध्या सेकंदाचे फोटोही देतो, सेकंदाला १० या वेगाने. तो लावताना फ्लॅश बंद करून घ्या आणि ऊन पाठीशी ठेवा.